पाच महिने, तीन काळ्या काचा आणि लेक सुपीरियरचा बर्फ: माझा एनडी फिल्टरचा अनुभव

ऑक्टोबरच्या शेवटी मॅग्नेटवाला एनडी फिल्टरचा सेट घेतला, म्हणजे लेन्सवर लावून उजेड कमी करणाऱ्या काळ्या काचा, ३ स्टॉप, ६ स्टॉप आणि १० स्टॉप अशा तीन (दर स्टॉपला उजेड निम्मा), आणि मार्चपर्यंत जवळजवळ दर दुसऱ्या शनिवारी वापरला. विकत घेताना सगळे रिव्ह्यू "पहिल्या दिवशी डबा उघडला, वा काय फिनिशिंग" असेच सापडले, त्यामुळे हे लिहितेय. कंपनीचं नाव नाही लिहीत.

राहते मिनियापोलिसजवळ, तिथून डुलुथ अडीच तास, आणि पुढे हायवे ६१ धरून लेक सुपीरियर या अमेरिकेतल्या प्रचंड सरोवराच्या काठाकाठाने जायचं. माझी ठरलेली ठिकाणं म्हणजे ब्राइटन बीच, स्टोनी पॉइंट आणि अंगात जोर असेल तर स्प्लिट रॉकचं दीपगृह. इथले काळे खडक बघून आपला सह्याद्रीच आठवतो, आणि आहेही तो बेसाल्टच, फक्त हा ११० कोटी वर्षांचा म्हातारा आणि आपला दख्खनचा साडेसहा कोटींचा. लाँग एक्सपोजर, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवून फोटो काढणं, मी हरिहरेश्वरच्या खडकांवर शिकले, त्यामुळे डोक्यात गणित पक्कं होतं की जेवढी काळी काच तेवढं पाणी मऊ. ते इथे पार उलटं पडलं.

झालं असं की १० स्टॉपची काच प्रकाश हजार पटीने कमी करते. सूर्य मावळताना आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि एफ ११ ला (लेन्सच्या छिद्राचं माप) शटरचा वेळ १/३० सेकंद येत असेल तर काच लावून अर्धा मिनिट होतो, मस्त. पण पंधरा-वीस मिनिटांनी तोच हिशोब विनाकाच १ सेकंदावर येतो, म्हणजे काच लावून १७ मिनिटं! डिसेंबरात इथे साडेचारच्या आत सूर्य गायब, आणि नंतर कामाचा उजेड कसाबसा अर्धा तास. त्यात मी पहिल्या दिवशी लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन (फोटोतले दाणेदार ठिपके कमी करणारं सेटिंग) चालूच ठेवलं होतं, म्हणजे ४ मिनिटांचा फोटो काढला की कॅमेरा आणखी ४ मिनिटं शटर बंद ठेवून स्वतःचा काळा फोटो काढत बसतो. अख्ख्या संध्याकाळीत ४ फोटो. नवरा गाडीत हीटर लावून बसलेला, त्याने विचारलं झालं का, मी म्हटलं अजून शिजतंय. ते सेटिंग त्याच रात्री बंद केलं, आणि खरं तर एवढ्या थंडीत सेन्सरवर नॉइज तसाही कमीच येतो.

दुसरी गोष्ट बर्फाची. पाणी हलतं आणि बर्फ स्थिर, असं आपण धरून चालतो ना, तसं नसतं. खडकावर गोठलेला बर्फ स्थिर, बरोबर. पण गोल गोल कडा उचललेल्या चकत्या तरंगत असतात, मला त्या तव्यावरच्या आंबोळ्या वाटतात, त्या लाटेबरोबर सारख्या डुलतात, ३० सेकंद दिले की सगळ्यांचं मिळून पिठलं होतं. आणि वारा सरोवराकडून आला की पातळ बर्फाच्या काचा किनाऱ्यावर एकावर एक चढतात, निळसर, पारदर्शक, आणि आवाज बांगड्यांच्या दुकानात कुणी टोपली हलवल्यासारखा. त्या काचांच्या कडा धारदार दिसायला हव्या असतील तर १-२ सेकंदच. तेवढ्यात मागे सरणाऱ्या लाटेच्या रेघा येतात आणि पाणी धुकं न होता पाणीच राहतं. आणि तिन्हीसांजेला १-२ सेकंद तर अंधारच देतो की, काच कशाला लागते! मी पैसे मोजून जे विकत घेतलं ते तिथे रोज साडेचारला फुकट मिळत होतं.

म्हणून आता माझा क्रम असा: सूर्य मावळताना ६ स्टॉप, थोडा उजेड उतरला की ३ स्टॉप, आणि मग नुसती लेन्स. सगळ्यात जास्त वापर ६ चा. १० ची काच पाच महिन्यांत जेमतेम चारदा लावली असेल.

या काठावर आणखी एक गंमत, सूर्य सरोवरात मावळतच नाही, तुमच्या पाठीमागे डोंगरावर मावळतो. पहिल्यांदा मी खट्टू झाले होते. पण मग समोर पूर्वेला पाण्यावर खाली पृथ्वीची निळी सावली आणि वर गुलाबी पट्टा चढतो, आणि बर्फ तो रंग जसाच्या तसा घेतो. एवढंच की बर्फामुळे कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो, सगळं राखाडी करून ठेवतो, तेव्हा एक्सपोजर एक ते दीड स्टॉप वर घ्या.

आता सेटबद्दल. मॅग्नेट हा खरंच उपकार आहे, उणे १८ मध्ये जाड हातमोजे घालून आटे फिरवणं म्हणजे छळ. पण रिंगवर हिमाचा कण बसला की काच नीट चिकटत नाही, मधल्या फटीतून उजेड शिरतो आणि फोटोवर पांढरट पट्टा. हे मला तिसऱ्या फेरीला कळलं, तोवर मी कॅमेऱ्यालाच शिव्या देत होते. १० च्या काचेत तपकिरी झाक आहे, रॉ मध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) निघते, पण वाइड लेन्सला कोपरे काळवंडतात ते पूर्ण जात नाहीत. काचेवर फुंकर चुकूनही मारू नका, वाफ तिथेच गोठते. लाटेचा तुषार उडाला तर तोही पुसायच्या आत गोठतो, त्या संध्याकाळपुरती ती काच गेली समजायची. इथलं पाणी गोडं, म्हणून मीठ तरी बसत नाही, कोकणात तो वेगळा त्रास.

बाकी किरकोळ: बॅटऱ्या आतल्या खिशात अंगाशी ठेवा, परत येताना कॅमेरा गाडीत बसायच्या आधीच झिपच्या पिशवीत बंद करा, बुटांना खिळेवाले पट्टे हवेतच. आणि काठावरच्या बर्फाच्या कपारीवर उभं राहू नका, खाली पोकळ असतं आणि पाणी. फोटोसाठी माणसं तिथे जातात, मी बघितलंय.

आणि बर्फाची खात्री धरू नका. २०१४ आणि २०१९ ला सरोवर जवळजवळ सगळं गोठलं होतं, २०२४ ला अगदीच नावापुरतं. वायव्येचा वारा सुटला तर शुक्रवारी दिसलेला बर्फ शनिवारी आत निघून गेलेला असतो. माझ्या दोन फेऱ्या अशाच गेल्या, एकदा नुसता चहा पिऊन परत.

परत घेईन का? तिन्ही नाही. ३ आणि ६ सुट्या मिळाल्या तर त्याच घेईन. १० ची उन्हाळ्यात गूजबेरीच्या धबधब्यावर भर दुपारी लावून बघणार आहे. ६७ मिमीच्या लेन्सवर ७७ मिमीची काच बसवणारी रिंग मात्र डिसेंबरपासून लेन्सवर अडकलीय, सगळे उपाय झाले, निघत नाही, आणि सेटमधलं मॅग्नेटचं झाकण स्टोनी पॉइंटच्या भेगेत गेलं. सध्या श्रीखंडाच्या डब्याचं झाकण रबर बँड लावून चालवतेय, बसतं छान.