गाडीतल्या फ्रिजचं वायरिंग, जुना पुणे नाका

सोलापुरातल्या जुन्या पुणे नाक्याजवळच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून आमच्या ट्रॅव्हलरमध्ये १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज बसवून घेतला. काम एक नंबर. दुसरीकडे लायटरच्या सॉकेटलाच जोडून देतो म्हणत होते. तिथली वायर बारीक. कॉम्प्रेसर सुरू होताना व्होल्टेज पडतं आणि फ्रिज बंद! या मामांनी इंजिनची सोडून दुसऱ्या बॅटरीवरून थेट ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढली, आणि प्लस टोकापासून वीतभर अंतरावर १५ अँपिअरचा फ्यूज. "फ्यूज फ्रिजसाठी नाही ओ, वायर जळू नये म्हणून," म्हणाले. वायर पत्र्यातून जाते तिथे ती घासू नये म्हणून रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकात बसणारी कडी. न सांगता.

फ्रिजच्या कपाटाला खाली-वर जाळी ठेवायला लावली. सोलापूरचा मे म्हणजे ४० च्या पुढे; आत गरम हवा कोंडली तर कॉम्प्रेसर थांबायचं नावच घेत नाही. इंजिन बंद झालं की मधला रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या करतो; मग फ्रिज इंजिनची बॅटरी संपवत नाही. अक्कलकोटच्या मुक्कामात दही घट्ट राहिलं, सकाळी गाडी पहिल्या सेल्फला सुरू.

वेळ मात्र पाळत नाहीत. त्यांचं उद्या म्हणजे परवा. बिलही मागितल्याशिवाय मिळत नाही. फोन करूनच जा, आणि दुपारी तर जाऊच नका.