कॅरॅव्हॅनचा जनसेट आणि सांगलीतील एक डिझेल वर्कशॉप

कॅरॅव्हॅनमध्ये, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीत, बसवलेल्या जनसेटची (वीज तयार करणाऱ्या इंजिन-जनरेटरची) जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न जनसेट बंद पडेपर्यंत कोणी विचारत नाही. गाडीचे सर्व्हिस सेंटर जनसेटला हात लावत नाही, जनसेटचा विक्रेता टाकीपासूनची जोडणी बॉडी बिल्डरने केली असल्याचे सांगतो, आणि बॉडी बिल्डरच्या मते त्याने जोडून दिले तेव्हा सर्व काही व्यवस्थित चालू होते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आणि अशा गाड्या आता महाबळेश्वर-कोकणाच्या वाटेवर अधूनमधून दिसू लागल्या आहेत, परंतु त्यांच्या पोटातील यंत्रांची दुरुस्ती करणारी व्यवस्था अजून रस्त्यावर आलेली नाही. त्यामुळे कुपवाड औद्योगिक वसाहतीच्या परिसरातील एका साध्या पत्र्याच्या शेडमध्ये हे काम समजून-उमजून केले जाते, हे इतर कॅरॅव्हॅनधारकांना कळावे एवढ्यासाठी हा अभिप्राय लिहीत आहे.

वर्कशॉपच्या पाटीवर मालकाच्या नावापेक्षा ‘पंप, नोझल, जनसेट’ ही अक्षरे मोठी आहेत आणि आत ट्रॅक्टर, ऊसवाहतुकीचे ट्रक व शेतावरची इंजिने यांचीच गर्दी असते. कॅरॅव्हॅन त्यांनी फारशा पाहिलेल्या नाहीत, हे ते स्वतःच सांगतात. मला त्यात कमीपणा वाटला नाही. ज्या जिल्ह्यात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलच्या माळावर कारखाना उभा केला आणि जिथे नदीकाठच्या शेतकऱ्याला पाण्याच्या इंजिनाचा आवाज ऐकून दुखणे ओळखता येते, तिथल्या मिस्त्रीला डिझेल इंजिन हे डिझेल इंजिनच असते, मग ते विहिरीवर असो की गाडीच्या फरशीखाली. शिवाय २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत बुडालेली इंजिने आणि पाणी शिरलेल्या टाक्या यांचा या भागातील कारागिरांना जो सराव झाला, तो कोणत्याही प्रशिक्षण वर्गात मिळणार नाही.

आमचा जनसेट सिंगल फेज, डिझेलवर चालणारा असून गाडीच्याच टाकीतून इंधन घेतो. तो सकाळी पहिल्या झटक्यात सुरू होत असे, दिवे-पंखे आणि फ्रिज यांचा भार निमूट घेत असे. एसी लावला की मात्र थोड्या वेळाने त्याचा आवाज खाली येऊ लागे, दिवे मंदावत आणि यंत्र हळूहळू बंद पडे. गाडी रस्त्यावर चालू असताना जनसेट लावला तर हाच प्रकार अधिक लवकर घडे. यापूर्वी एका मोठ्या शहरातील गॅरेजने फिल्टर आणि नोझल (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) बदलून दिले होते व त्याचे पैसेही रीतसर घेतले होते, परंतु दोष होता तिथेच राहिला. त्यानंतर पेठ नाक्यावरून आष्टामार्गे सांगली गाठली.

मिस्त्रींनी पाना हातात घेण्याआधी एकच प्रश्न विचारला, “साहेब, बंद पडताना झटक्यात पडतंय, का रडत-रडत?” सगळ्या तपासणीची दिशा या प्रश्नाने ठरली, म्हणून तो थोडा उलगडून सांगतो. इंजिनातील तेलाचा दाब कमी झाला किंवा तापमान वाढले, तर सुरक्षेची यंत्रणा इंधन बंद करणाऱ्या सोलेनॉइडचा (विजेवर चालणाऱ्या झडपेचा) विद्युतपुरवठा तोडते आणि यंत्र वेगात चालत असतानाच एकदम थांबते. इंधन अपुरे पडत असेल तर मात्र वेग आधी डळमळतो, मग उतरतो, आणि शेवटी इंजिन थांबते. भार जास्त झाल्याने किंवा एअर फिल्टर चोंदल्याने वेग उतरत असेल, तर सायलेन्सरमधून काळा धूर येतो. डिझेलच कमी पोहोचत असेल, तर काळ्या धुराला कारणच उरत नाही. त्यांनी पॅनेलवरील फ्रीक्वेन्सी मीटरकडे बोट दाखवून मला एसी लावायला सांगितला. आमचे यंत्र मिनिटाला ३००० फेऱ्यांवर ५० हर्ट्झ देणारे आहे. काटा ५० च्या आसपास थोडा वेळ टिकला, नंतर चाचपडल्यासारखा खाली-वर होऊ लागला आणि उतरत गेला. मागे धूर नव्हता. “इंजिन आजारी न्हाई, उपाशी हाय,” एवढेच बोलून ते गाडीखाली गेले.

यानंतरची पद्धत मला या वर्कशॉपची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते. दोष सिद्ध होईपर्यंत त्यांनी एकही भाग बदलला नाही. पहिली पायरी म्हणून गाडीची टाकी बाजूला ठेवून त्यांनी जनसेटला स्वच्छ डिझेलच्या डब्यावर चालवले. हा प्रयोग अनेक ठिकाणी होतो, पण डबा बहुधा उंचावर टांगला जातो. यांनी तो मुद्दाम खाली, टाकीच्या पातळीला ठेवला, कारण वरून डिझेल आपसूक उतरते आणि पंपाला ओढ आहे की नाही याची परीक्षाच होत नाही. इंजिनातून उरलेले डिझेल परत आणणारी रिटर्नची नळीही त्याच डब्यात सोडली. पूर्ण भारावर एसी, गिझर आणि फ्रिज एकत्र चालवूनही मीटरचा काटा हलला नाही. म्हणजे टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप, फिल्टर, नोझलकडे दाबाने डिझेल पाठवणारा इंजेक्शन पंप आणि नोझल हे सारे ठीक होते. बदललेल्या नोझलची मुळात गरजच नव्हती, हेही याच वेळी स्पष्ट झाले. तरीही त्यांनी बारा व्होल्टच्या फीड पंपाच्या टर्मिनलवर, पंप चालू असताना, व्होल्टेज मोजून घेतले. पंपाची टकटक ऐकू येते म्हणजे पंप पुरेसे डिझेल ढकलतो असे नसते, अर्थिंगची तार गंजली असेल तर तो टकटक करतो पण जोर लावत नाही, हा त्यांचा मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

दोष टाकी आणि पंप यांच्या दरम्यान आहे हे ठरल्यावर त्यांनी जनसेट पुन्हा गाडीच्या टाकीवर घेतला आणि पंपाच्या अलीकडे वीतभर लांबीची पारदर्शक नळी जोडली. सुरुवातीला नळीतून पिवळसर डिझेलचा एकसंध प्रवाह दिसत होता. भार वाढवल्यावर त्यात मोहरीएवढे बुडबुडे येऊ लागले, ते एकमेकांत मिसळून लांबट झाले आणि काही मिनिटांतच नळीत डिझेलपेक्षा हवा जास्त दिसू लागली. सक्शनच्या, म्हणजे पंप डिझेल ओढतो त्या बाजूला गळती असली की बाहेर डिझेलचा थेंबही सांडत नाही, कारण तिथे पंपाच्या ओढीमुळे दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो आणि फटीतून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते. आधीच्या गॅरेजने “कुठेही लीकेज नाही” असे छातीठोकपणे सांगितले होते, ते त्यांच्या डोळ्यांना दिसत होते तेवढ्यापुरते खरेच होते.

मग त्यांनी पारदर्शक नळी एकेक जोड मागे सरकवत नेली. बुडबुडे जिथे येईनासे झाले, त्याच्या पुढच्या जोडात दोष असणार हे उघड होते. तो जोड निघाला बॉडी बिल्डरने बसवलेल्या टी-पीसचा, म्हणजे एका नळीला दोन फाटे काढणाऱ्या तुकड्याचा. जनसेटसाठी टाकीतून स्वतंत्र नळी घेण्याऐवजी गाडीच्या इंजिनाकडे जाणारी मूळ नळी मध्येच कापून तिथे पितळी टी बसवला होता, आणि त्यावरची क्लिप इतकी आवळलेली होती की तिचे दाते रबरात रुतून नळीला बारीक चीर गेली होती. नखाने दाबल्याशिवाय ती चीर दिसतही नव्हती. गाडी चालू असताना जनसेट लवकर का दमत असे, याचेही उत्तर त्या टी-पीसमध्येच होते, कारण एकाच नळीतून दोन पंप ओढत असतील तर ज्याची ओढ मोठी त्याच्या वाट्याला डिझेल जाते आणि दुसऱ्याला चिरेतून येणारी हवा मिळते. मला यातील अधिक गंभीर भाग वेगळाच वाटतो. हीच हवा गाडीच्या कॉमन रेल इंजिनाच्या (ज्यात डिझेल अतिशय उच्च दाबाने फवारले जाते) पंपाकडेही जाऊ शकत होती, आणि त्या पंपाला डिझेल हेच वंगण असल्याने तिथली दुरुस्ती जनसेटच्या दुरुस्तीच्या कितीतरी पट महाग पडली असती.

चीर गेलेला तुकडा कापून नवी क्लिप लावली असती तरी आम्ही त्या दिवशी समाधानाने परतलो असतो. मिस्त्रींनी तसे करता येईल हे सांगितले, पण टी काढून टाकण्याचा आग्रह धरला, आणि मी तो मानला. टाकी रिकामी करून उतरवली गेली. तिच्यावर छिद्र पाडणे किंवा वेल्डिंग करणे त्यांनी साफ नाकारले, कारण रिकाम्या टाकीत राहिलेली वाफ पेटू शकते; त्याऐवजी इंधनपातळी दाखवणाऱ्या फ्लोटची प्लेट काढून टाकीपासून दूर नेली आणि तिच्यात स्टीलची वेगळी नळी ब्रेझिंग करून (पितळेसारखा धातू वितळवून जोडून) बसवली. या नळीचे खालचे टोक टाकीच्या तळाच्या बरेच वर ठेवले, जेणेकरून टाकी साधारण पाव भरलेली असतानाच जनसेटला डिझेल मिळणे थांबावे आणि रात्रभर एसी लावला तरी सकाळी गाडी पेट्रोल पंपापर्यंत जाऊ शकावी. पुष्कळ ठिकाणी कंपनीकडून येणारी जोडणीही अशीच असते आणि टाकी पावाच्या खाली गेल्यावर बंद पडलेल्या जनसेटला लोक विनाकारण नादुरुस्त ठरवतात. पाव काट्याच्या खाली जनसेट चालत नसेल आणि डिझेल भरून एअर (नळीत अडकलेली हवा) काढल्यावर पूर्ववत चालत असेल, तर मिस्त्रीकडे जाण्याची गरज नाही.

एअर काढण्याचे काम त्यांनी मला शेजारी बसवून दाखवले. फिल्टरवरील ब्लीड स्क्रू (हवा सोडण्याचा स्क्रू) दोन आटे सैल करायचा, फेसाळ डिझेल जाऊन स्वच्छ धार येईपर्यंत हाताने प्राइम करायचे, म्हणजे हातपंपाने डिझेल ढकलायचे, स्क्रू आवळायचा, आणि त्यानंतरच स्टार्टर मारायचा. स्टार्टर मारून एअर काढण्याचा हट्ट केला तर बॅटरी उतरते आणि स्टार्टर तापतो. बँजो बोल्ट (इंधननळी जोडणारा पोकळ बोल्ट) उघडला की त्याचे तांब्याचे वॉशर नवे घालावेत, हा नियम ते स्वतः कटाक्षाने पाळतात. जुना फिल्टर त्यांनी काचेच्या बरणीत उपडा केला तेव्हा डिझेलखाली पाण्याचा पातळ थर आणि दोहोंच्या सीमेवर काळसर बुळबुळीत साका दिसला. पावसाळ्यात महिनोन् महिने अर्ध्या टाकीवर उभ्या राहणाऱ्या गाडीत हे होणारच, कारण टाकीतील मोकळ्या जागेतील दमट हवेचे पाणी होऊन तळाशी बसते. गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवावी आणि वॉटर सेपरेटरचा (डिझेलमधील पाणी वेगळे करणाऱ्या भागाचा) नळ अधूनमधून उघडावा, एवढाच त्यावर त्यांचा सल्ला होता.

आता उणिवा. इथे लेखी अंदाजपत्रक मिळत नाही, आणि बिल मागितल्यावर जे मिळाले त्यात ‘जनसेट काम’ असा एकच मजकूर होता. खर्च रास्त होता, आधीच्या नोझल-फिल्टरच्या खर्चापेक्षा तर स्पष्ट कमी, परंतु मजुरी किती आणि सामान किती हे ग्राहकाला कागदावर कळायला हवे. शेडची उंची कॅरॅव्हॅनला पुरत नसल्याने सारे काम उघड्यावर होते. टाकी उतरवलेली असताना एक ट्रकचालक विडी ओढत जवळ आला, त्याला मिस्त्रींनी हाकलले हे खरे, पण तिथे ना फलक होता ना हाताशी अग्निशामक, आणि डिझेल पेट्रोलइतके सहज पेट घेत नाही हे त्यावरचे उत्तर होऊ शकत नाही. गाडीच्या आतील पायपुसण्यावर आणि गादीच्या कडेवर काळे हात उमटले, तेव्हा आत येणाऱ्या वर्कशॉपच्या मुलांसाठी जुनी चादर आधीच अंथरून ठेवावी. ऑटो स्टार्टचे पॅनेल किंवा इन्व्हर्टरची अदलाबदल यांत त्यांना गती नाही. आमच्या पॅनेलवरील एक दिवा पूर्वीपासून चुकीचा लागतो, तो तसाच लागत आहे. जनसेट पेट्रोलवरचा असेल तर कार्ब्युरेटरचे काम ते घेत नाहीत आणि फोनवरच तसे सांगून मोकळे होतात.

वेळेच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ऊस गाळपाचा हंगाम सुरू असताना शेडबाहेर ट्रॅक्टर रांगेने उभे असतात आणि मिस्त्रींच्या हिशेबी फडात अडकलेला ट्रॅक्टर कॅरॅव्हॅनच्या एसीपेक्षा आधी येतो. मला हा क्रम योग्यच वाटतो, परंतु सहलीच्या वाटेवर दोन तासांत काम उरकून पुढे जाऊ, असा बेत आखून या काळात जाऊ नये. जाण्यापूर्वी फोन करावा, तो दुपारी जेवणाच्या वेळी उचलला जात नाही; आणि टाकी उतरवावी लागण्याची शक्यता असेल तर डिझेल पाव टाकीच्या आसपास ठेवून जावे, म्हणजे ते काढून ठेवायला त्यांना ड्रम शोधत बसावे लागत नाही.