कोरीव चामडे, क्रोम लेदर की मरीन रेक्झिन: गोव्यातल्या कस्टम बाइकसाठी सीट निवडताना

बॉबर (अनावश्यक भाग उतरवून सुटसुटीत केलेली कस्टम बाइक) बांधायला घेतला की टाकीचा रंग आणि हँडल लवकर ठरतात, गाडी अडते ती सीटवर. रॉयल एनफील्डने २०२४ मध्ये गोअन क्लासिक ३५० आणल्यापासून तरंगती एकेरी सीट (एकट्यापुरती, मागच्या चाकावर अधांतरी दिसणारी) म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. प्रश्न उरतो तो तिच्यावर काय चढवायचे याचा. वाटा तीन आहेत: जाड व्हेज टॅन चामडे हाताने कोरून बसवणे, पातळ क्रोम टॅन (क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले) चामडे फोमवर ताणून शिवणे, किंवा मरीन रेक्झिन.

पुण्यात ही तुलना रूप, आराम आणि पैसे एवढ्यावर उरकता येते. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिमी पाऊस पडतो, जून ते सप्टेंबर हवेतला दमटपणा ८० टक्क्यांच्या वर असतो आणि किनाऱ्याकडे खारा वारा बारमाही. त्यामुळे इथे आधी विचारायचे ते हे, की गाडी रात्री कुठे उभी असते आणि ती पावसात चालते का.

आमचे मत सुरुवातीलाच सांगतो. कोरीव सीट गोव्यात नीट टिकते, पण तीन अटींवर: सीट एकेरी हवी, गाडी छपराखाली राहणारी हवी आणि सीटचा तळपत्रा गंज न धरणारा हवा. यातली एक अट जरी पाळता येणार नसेल तर कोरीवकामाचे पैसे दुसरीकडे घाला.

कोरीव सीट

कोरीवकाम फक्त व्हेज टॅन चामड्यावर होते, म्हणजे झाडांच्या साली-फळांतल्या टॅनिनने कमावलेल्या. ओले केल्यावर ते दाब धरते आणि वाळल्यावर तो दाब तसाच राहतो. क्रोम टॅन चामड्यावर कितीही ठोका, छाप उठत नाही, उठली तरी काही दिवसांत सपाट होते. सीटच्या वरच्या थरासाठी ३ ते ३.६ मिमी जाडी योग्य. अडीच मिमीखाली गेले की कोरायला खोली मिळत नाही, ४ मिमीच्या वर गेले की पुढच्या निमुळत्या टोकाशी चामडे वळत नाही. एकेरी सीटला वरचा थर आणि खालची पट्टी धरून ३ ते ४ चौरस फूट माल लागतो, कारण पोटाकडचा सैल भाग टाकून द्यावा लागतो. पाठीचा भाग घ्यायचा.

कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरड्याने कमावतात, तेही व्हेज टॅनच. कोल्हापूर, बेळगाव, अथणी हे सगळे गोव्याहून घाट चढला की हाताशी आहे, म्हणून हा माल स्वस्त आणि सोयीचा वाटतो. पण म्हशीच्या कातड्याचा पोत जाडसर असतो आणि बारीक रेषा त्यावर फुटतात. भौमितिक नक्षी, दोरखंडाची किनार, टोपलीची वीण यांना तो छान चालतो. फुलापानांच्या दाट नक्षीसाठी मात्र बारीक पोताचे, तेल कमी पाजलेले, कोरे चामडे लागते. पूर्ण कातडे घेण्याआधी वीतभर तुकडा मागवून त्यावर छाप घेऊन पाहावी.

कामाचा क्रम कारागिराला जरूर विचारा, कारण चुकीच्या क्रमाने कोरलेली सीट पहिल्या दिवशी ओळखू येत नाही. आधी चामडे ओले करून तळपत्र्यावर बसवतात, आकार धरू देतात, कडेची रेघ मारतात. मग ते काढून कोरतात आणि शेवटी पुन्हा बसवतात. आधी सपाट कोरून मग ताणले तर मागच्या उंचवट्यावर पाकळ्या पसरट होतात आणि कडा पुसट होतात.

कोरण्यासाठी चामडे पाण्याने भिजवून प्लास्टिकमध्ये रात्रभर मुरवतात. पृष्ठभागाचा रंग जवळपास मूळचा झाला, पण गालाला लावले तर गार लागते, ती काम सुरू करण्याची वेळ. फार ओले असेल तर रेघ मिटते, फार सुके असेल तर छाप फिकी येते आणि चामडे चिरते. मागच्या बाजूला रुंद चिकटपट्टी लावली नाही तर ठोकताना चामडे ताणते आणि नक्षी तळपत्र्याच्या मापाबाहेर जाते. खाली ग्रॅनाइटचा जाड तुकडा, वर स्विव्हल नाइफ, म्हणजे बोटांत फिरणारी कोरायची सुरी. छेद जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून फार तर निम्म्यापर्यंत, त्याहून खोल गेले की सीट वाकते तिथे पुढे चीर पडते. छेदाच्या एका बाजूने बेव्हलर या ठशाने उतार द्यायचा, पाकळ्यांना शेडरच्या ठशाने खोलगटपणा, शेवटी पार्श्वभूमी दाबून खाली बसवायची. ठोकायला प्लास्टिकची किंवा कच्च्या कातड्याची मोगरी. लोखंडी हातोड्याने हत्यारांची डोकी फुटतात.

पावसाळ्यात याच कामात एक अडचण वाढते. मुरत ठेवलेल्या चामड्यावर प्लास्टिकच्या आतच दोन-तीन दिवसांत बुरशी येते. जाणकार कारागीर अर्धवट काम फ्रिजमध्ये ठेवतो. लॅकर दमट हवेत मारले तर त्यावर पांढुरकी साय धरते आणि ती पुसून जात नाही. म्हणून कोरीव सीटची ऑर्डर जुलैत देऊ नये, दिली तर रंग आणि फिनिश एसीच्या कोरड्या खोलीत होणार का हे ठरवून घ्यावे.

नक्षी कुठे असावी याचा विचार फार कमी लोक करतात. बसायच्या जागी जीन्सच्या घासण्याने उठाव सहा महिन्यांत चकचकीत होऊ लागतो, आणि खोल खळग्यांत घाम आणि धूळ साचून बुरशीची सुरुवात तिथूनच होते. खोल काम मागच्या उंचवट्यावर आणि किनारीवर घ्यावे, बसायची जागा कोरी ठेवावी किंवा तिथे उथळ वीण घ्यावी. पूर्ण भरलेल्या नक्षीपेक्षा अशी सीट आम्हाला अधिक देखणीही वाटते.

कडेला दोन पद्धती असतात. चामड्याच्या दुहेरी विणीच्या लेसला घेराच्या सात-आठ पट लांब पट्टी लागते आणि ती दिसते सुरेख. पण सीटवर सर्वात आधी झिजते आणि कुजते ती तीच. गोव्यासाठी आमची पसंती खाचेत बसवलेल्या दोन सुयांच्या हातशिलाईला: ०.८ ते १ मिमीचा मेण लावलेला पॉलिएस्टर दोरा, इंचाला पाच-सहा टाके. सुती दोरा कुजतो, नायलॉन उन्हात पॉलिएस्टरपेक्षा लवकर कमकुवत होतो.

खालचा पत्रा

कोरीव सीट बहुतेक वेळा वरून खराब होत नाही, खालून होते. व्हेज टॅनमधले टॅनिन आणि ओले लोखंड भेटले की निळसर काळा डाग पडतो आणि तो आतवर जातो. साध्या १.६ किंवा २ मिमी पत्र्याचा तळ खाऱ्या हवेत गंजतो, पाणी झिरपते आणि एक दिवस फिकट तपकिरी सीटच्या कडेने काळे ओघळ वर येतात. हे धुऊन जात नाहीत. खात्री करून घ्यायची असेल तर चामड्याच्या ओल्या कतरणीवर लोखंडी खिळा ठेवा, काही वेळात डाग दिसेल.

म्हणून तळ ३०४ स्टेनलेसचा किंवा फायबरग्लासचा घ्यावा. साध्या पत्र्याचाच असेल तर सगळे वेल्डिंग आणि भोके उरकल्यावर पावडर कोटिंग करावे. कोटिंगनंतर पाडलेल्या भोकाच्या कडेपासून गंज सुरू होतो. रिबिटा तांब्याच्या किंवा पितळी. तळात सर्वात खोल जागी ६ मिमीची तीन-चार भोके पाण्यासाठी हवीत. फोम बंद पेशींचा, १० ते १२ मिमी. पिवळा साधा फोम पाणी धरून ठेवतो आणि वरच्या जाड चामड्याला आतून ओले ठेवतो. शिवाय मऊ जाड फोमवर चामडे सारखे वाकते आणि नक्षी मरते. एवढ्या पातळ फोमवर आराम कुठून येणार? तो स्प्रिंगांतून येतो. मागे ३ इंची स्प्रिंगा, पुढे बिजागरी. स्प्रिंगांशिवाय बसवलेली कोरीव सीट पणजी ते काणकोण एका दमात करायची सीट नव्हे, हे स्पष्ट लक्षात घ्यावे.

क्रोम टॅन चामडे

हे १ ते १.४ मिमीचे, मऊ, सर्व बाजूंनी ताणणारे. जाड फोमवर, दोघांच्या सीटवर, विचित्र वळणांवर नीट बसते. मधूनमधून भिजले तरी कडक होत नाही, तर व्हेज टॅन चिंब होऊन उन्हात सुकले की पापडासारखे होते. लोखंडाच्या डागाचाही त्रास नगण्य. दूरच्या प्रवासाला आणि पाठीमागे माणूस बसवणाऱ्यांना चामडेच हवे असेल तर हेच घ्यावे.

उणीव शिलाईत आहे. हल्ली सगळ्यांना हिऱ्याच्या आकाराची क्विल्टिंग हवी असते. तिच्यात सुईची शेकडो भोके थेट बसायच्या जागी पडतात आणि प्रत्येक भोकातून पाणी फोममध्ये उतरते. पाऊस थांबून दोन तास झाले, सीट वरून कोरडी दिसते, बसले की पँट ओली. क्विल्टिंग हवीच असेल तर तिच्याखाली पाणी अडवणारा पातळ थर चिकटवून मगच मूळ फोमवर चढवावे, किंवा क्विल्टिंग फक्त बाजूच्या पट्ट्यांवर ठेवावी.

मरीन रेक्झिन

बोटींच्या गाद्यांसाठीचे, ऊन आणि बुरशी दोन्ही सोसणारे पीव्हीसी. ओल्या फडक्याने पुसले की झाले. रोज उघड्यावर उभी राहणारी गाडी, भाड्याने दिलेली गाडी, समुद्रावरून ओल्या कपड्यांनी थेट बसणारी मंडळी, यांना दुसरे काही सुचवणे योग्य नाही. गोव्यातल्या पायलटांच्या (मोटरसायकल टॅक्सीवाल्यांच्या) गाड्यांवरही रेक्झिनच असते, ते उगीच नाही. मात्र दुकानात मरीन म्हणून साधे सीटकव्हरचे रेक्झिनही मिळते, जे दोन उन्हाळ्यांत शिलाईच्या रेषेवर तडकते. मागची बाजू पाहा: विणलेले घट्ट कापड असेल तर ठीक, कापसासारखा पातळ थर असेल तर नको. शिलाईला इथेही पॉलिएस्टर दोराच, आणि आतून शिवणीवर पट्टी.

कोरीव म्हणून दाखवतात ते

प्रेसमध्ये साच्याखाली दाबलेली नक्षी हाताच्या किमतीत दाखवली जाते. हाताच्या कामात सुरीचा खरा छेद असतो: बोटाने पाकळी किंचित वाकवली तर रेघ उघडते. दाबलेल्या नक्षीत रेघ म्हणजे नुसती गोलसर खाच, आणि सगळीकडे एकाच खोलीची. चामडे कुठले हे कापलेल्या कडेवरून कळते: व्हेज टॅन आरपार तपकिरी, क्रोम टॅनची मधली पट्टी राखाडी किंवा निळसर.

लेझरने जाळून काढलेली नक्षी हा वेगळा प्रकार. व्हेज टॅनवर ती चालते, फक्त उठाव नसतो. रेक्झिनवर लेझर चालवू देऊ नका, पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि तो माणसाला आणि यंत्राला दोघांनाही खातो. क्रोम टॅनवरही नको.

देखभाल

कोरीव सीटला रंग दिल्यावर पांढऱ्या कोरड्या फडक्याने घासून पाहावे; फडके स्वच्छ निघेपर्यंत फिनिश मारायचे नाही. मग ॲक्रिलिक फिनिशचे दोन पातळ हात. यात घाई झाली तर पहिल्या सरीत तो रंग तुमच्या पँटवर येतो. पुढे तीन-चार महिन्यांनी ओल्या फडक्याने मीठ पुसून, सुकवून, मेणाच्या कंडिशनरचा अगदी पातळ हात. खोबरेल लावू नका: चामडे काळवंडते, सैल पडते आणि बुरशीला खाद्य मिळते. नीट्सफूट तेलही (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेले) थेंबाथेंबाने.

बुरशी दिसली तर गाडी घराबाहेर नेऊन सुक्या ब्रशने झाडावी, मग व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन पुसावे, पंख्याखाली सावलीत सुकवावे. उन्हात ठेवण्याचा मोह टाळा. प्लास्टिकचे कव्हर पावसात दहा मिनिटांसाठी ठीक आहे, रात्रभर घातले तर आतली वाफ कोंडते.

मग घ्यायचे काय

रोज ऑफिसला नेणारी गाडी, बारा महिने: मरीन रेक्झिन, दुसरा विचार नको. दोघांनी लांब जायचे, गाडी गॅरेजात: क्रोम टॅन, क्विल्टिंग बेताने. रविवारची गाडी, एकट्याची: कोरीव, आणि तिच्यावर मनापासून खर्च करावा. पूर्ण भरलेल्या नक्षीच्या एकेरी सीटला नुसते कोरायलाच साधारण २० ते ३० तास लागतात. किंमत ऐकून घासाघीस करण्याआधी हा हिशेब डोळ्यांपुढे ठेवावा. घासाघीस झालीच तर कारागीर पार्श्वभूमीचे काम आणि फिनिशचा दुसरा हात कमी करतो, आणि नुकसान तुमचेच होते.

बऱ्याच जणांसाठी मात्र आम्ही चौथी वाट सुचवतो: एकाच गाडीला दोन सीटा. बिजागरी आणि स्प्रिंगांची माउंटिंग सारख्याच मापाची ठेवली तर चार बोल्टांत सीट बदलते. मृगाआधी रेक्झिनची चढवायची, कोरीव सीट सुती कापडात गुंडाळून हवेशीर कपाटात ठेवायची आणि दसऱ्यानंतर परत आणायची. मागची सीटही कापून टाकण्यापेक्षा बोल्टने निघणारी ठेवा. आरसीवर दोन माणसे नोंदलेली असतात, मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ रचनेतल्या बदलांवर बंधन घालते, आणि मागे माणूस बसणार असेल तर पकडायची मूठ आणि पायठेवणी नियमानेच लागते.

ऑर्डर देताना कागदावर इतके लिहून घ्यावे: चामड्याचा प्रकार आणि जाडी, तळाचा धातू, फोम, दोरा, रिबिटांचा धातू. आणि कोरायला सुरुवात होण्याआधी तळपत्रा गाडीवर बसवून स्वतः त्याच्यावर एकदा बसून पाहावे. मागचा उंचवटा माकडहाडाला टेकत असेल तर तो पत्र्यातच ठोकून दुरुस्त करता येतो, चामडे चढल्यावर नाही.