ब्लाउजवालीनं पाहिलेलं 'नेकेड अ‍ॅट्रॅक्शन'

आधीच सांगते, हा कार्यक्रम मी शोधून पाहिलेला नाही. गेल्या वर्षी भाचीच्या बाळंतपणाला लीड्सला गेले होते, अडीच महिने. बाळाचा दिवस रात्री दहाला उजाडायचा. भाची दमून झोपलेली, जावईबापूंना पहाटेची शिफ्ट, त्यामुळे पोर माझ्या मांडीवर आणि समोर आवाज बंद केलेला टीव्ही. चॅनल बदलता बदलता एका ठिकाणी हात थांबला. वाटलं, डॉक्टरकीचं काहीतरी दाखवतायत. सहा रंगीत पेट्या, प्रत्येकीत एक माणूस उभा, आणि पडदा पावलांपासून वर वर सरकत कंबरेशी येऊन थांबला. अंगावर चिंधी नाही. मी घाईघाईनं बाळाच्या डोळ्यांवर पदर धरला. दीड महिन्याच्या बाळाच्या!

हे म्हणजे 'नेकेड अ‍ॅट्रॅक्शन'. ब्रिटनच्या चॅनल फोरवर जुलै २०१६मध्ये सुरू झालेला, अ‍ॅना रिचर्डसन बाईंच्या सूत्रसंचालनाचा. जोडीदार निवडायला एक जण येतो, तो कपड्यांत. समोरचे सहा जण विनाकपड्यांचे. पडदा टप्प्याटप्प्यानं वर जातो. आधी कंबरेखालचं, मग गळ्यापर्यंत, मग चेहरा, आणि सगळ्यात शेवटी आवाज. दर टप्प्याला एकाची पाठवणी. दोन उरले की निवडणाराही कपडे काढून येतो आणि त्यातल्या एकाला हो म्हणतो. मग ती जोडी कपडे घालून भेटायला जाते. मधेमधे शरीराबद्दल शास्त्रीय माहितीच्या पाट्या येतात. त्या कशासाठी असतात ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण बहुधा बघणाऱ्याला आपण अभ्यास करतोय असं वाटावं म्हणून.

आता माझं सांगते, म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. पंचवटीत मालेगाव स्टँडच्या मागच्या बाजूला माझं दहा बाय बाराचं दुकान आहे आणि गेली ३१ वर्षं मी ब्लाउज शिवतेय. कोपऱ्यात पडदा लावलाय. त्या पडद्याआड किती बायका पाहिल्या त्याचा हिशेब नाही. त्यामुळे त्या रात्री धक्का बसला तो नागवेपणाचा नव्हे. ती अंगं ओळखीची निघाली, त्याचा. एक खांदा उतरलेला. सिझेरियनचा टाका. पोटावर बाळंतपणाच्या रेघा. एक छाती दुसरीपेक्षा मोठी. (ती प्रत्येकीची असते, पण प्रत्येकीला वाटतं आपलीच. कटोरीचं माप मी मोठ्या बाजूचं घेते आणि लहान बाजूला टक थोडा जास्त दाबते. आजवर कुणाच्या लक्षात आलेलं नाही.) एका भागात कृत्रिम पाय लावलेला माणूस होता. एकदा साठीच्या पुढची बाई होती, दंडाचं कातडं लोंबलेलं, आणि ती मजेत उभी. आपल्या मालिकांत सासूसुद्धा अशी दिसत नाही. या एका गोष्टीसाठी मी कार्यक्रमाला पाचातले दोन तारे तिथंच देऊन टाकले.

आणि नाशिकच्या माणसानं नागवेपणाला दचकायचं म्हणजे जरा नवलच. २०१५च्या सिंहस्थात सासूबाईंना घेऊन त्र्यंबकला गेले होते. वैष्णव आखाड्यांचं स्नान इकडे रामकुंडावर, शैवांचं तिकडे कुशावर्तावर, त्यामुळे नागा साधू बघायचे तर त्र्यंबकच. सासूबाईंनी भस्म फासलेल्या, वस्त्राचा धागा नसलेल्या साधूंना वाकून नमस्कार केला आणि परतीच्या बसमध्ये माझ्या ब्लाउजची मागची पाठ खोल आहे म्हणून मला सिन्नर फाट्यापर्यंत ऐकवलं. ज्या वर्षी इंग्लंडात हा कार्यक्रम सुरू झाला त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यात मांगीतुंगीला ऋषभदेवांची १०८ फुटांची दिगंबर मूर्ती उभी राहिली. लोक लहान मुलांना घेऊन दर्शनाला जातात. मुलं वर मान करून बघतात, भेळ खातात, परत येतात. उघडं अंग आपल्या नजरेला नवं नाही. त्या अंगाला कुणी गुण देत बसत नाही, एवढंच.

या कार्यक्रमात देतात. आणि माझं भांडण तिथं सुरू होतं.

दुसऱ्या आठवड्यात भाचीबरोबर आवाज सुरू ठेवून पाहिला. ती अर्थ सांगत होती. निवडायला आलेला मुलगा एका पेटीपुढे उभा राहून म्हणाला, गुडघे आवडले नाहीत. गुडघे! पेटीतली मुलगी बाहेर आली, तोवर तिचा चेहराही कुणी पाहिलेला नव्हता. तिनं हसून त्याला मिठी मारली आणि पाठमोरी चालत गेली, कॅमेरा मागोमाग. ती हसली खरी, पण ओठाचा एक कोपरा हलला. मला तो कोपरा पक्का ओळखीचा आहे. मापाचा आकडा मोठ्यानं सांगितला की बायकांच्या तोंडावर तोच येतो.

हे मी चुकून शिकलेय. दुकान नवीन होतं तेव्हा एक वहिनी दिवाळीचा ब्लाउज सैल करायला आल्या. आत मार्जिन उरलं नव्हतं. मी चार गिऱ्हाइकांपुढे म्हटलं, "वहिनी, आता कापडच संपलं हो, अजून किती उसवू?" सगळ्या हसल्या. त्याही हसल्या. पिशवी उचलली आणि गेल्या, पुन्हा फिरकल्या नाहीत. अजून भाजीबाजारात दिसल्या तर त्या बटाटे निवडायला लागतात आणि मी मेथी. तेव्हापासून माप मोठ्यानं बोलत नाही, वहीत लिहिते. आणि शिवताना दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच मार्जिन सोडते, कुणी सांगो न सांगो.

तर या कार्यक्रमातला दोष कपडे नसण्यात नाही, क्रमात आहे. चेहरा तिसऱ्या पाळीला, आवाज चौथ्या. तोवर दोघं घरी गेलेले. माझ्या वहीतही बायका अशाच असतात म्हणा: छाती ३८, मुंढा १७, दंडघेर १३. पण वहीतला आकडा जुळला नाही तर मी कापड बदलते.

भाची म्हणाली, "मावशी, आपल्याकडे काय वेगळं होतं?" हे तिचं बरोबर होतं. मला पाहायला आले तेव्हा मुलाच्या आत्याबाईंनी दोनदा पाणी आणायला उठवलं. पाणी कुणीच प्यायलं नाही. चाल बघायची होती. मग दाराच्या चौकटीशी उभं करून "उंची बरी आहे" म्हणाल्या. तिथंही आवाज सगळ्यात शेवटी, तोही "नाव काय?" एवढ्यापुरता. फरक इतकाच की मी नऊवारीत गुंडाळलेली होते आणि मला पेटीतून निघून जायची सोय नव्हती. कार्यक्रमातले सगळे स्वतःच्या पायांनी आलेले असतात, हे मान्य करावं लागतं. पुढे आत्याबाईंचेच ब्लाउज मी वीस वर्षं शिवले. डावा खांदा दीड इंच खाली होता त्यांचा. कधी बोलले नाही.

तिकडच्या लोकांचं मत एक नाही. कार्यक्रम आला तेव्हा तक्रारी झाल्या, पण ऑफकॉम या त्यांच्या नियामक संस्थेनं कारवाई केली नाही. रात्री उशिरा लागतो, आधी सूचना असते, आणि दाखवतात त्यात कामक्रीडा नसते, असा एकूण हिशेब. जावईबापूंना तो सवंग वाटतो. ते उठून स्वयंपाकघरात जायचे आणि चहा करायला नको तितका वेळ लावायचे. भाचीचं उलटं. ओलं बाळंतपण, पोट अजून सैल, ती म्हणाली, "हे पाहिल्यापासून आंघोळीला गेले की आरशाकडे पाठ करत नाही." आता यावर सवंग-बिवंग काय बोलायचं?

तिनंच मग तुलनेसाठी 'लव्ह आयलंड' दाखवला, बेटावर तरुण पोरापोरींच्या जोड्या जुळवायचा कार्यक्रम, आणि खरं सांगते, तो मला जास्त उघडा वाटला. सगळे पोहण्याच्या कपड्यांत, म्हणजे झाकलेले. पण पोरं एका साच्यातून काढल्यासारखी आणि पोरींच्या कमरा अशा, की मला टेपचा शून्य शोधावा लागेल. त्यात २०१८मध्ये या कार्यक्रमाच्या मधल्या जाहिरातींत छाती वाढवण्याच्या शस्त्रक्रियेची जाहिरात लागायची. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या प्रमुखांनी जाहीर नाराजी दाखवली आणि पुढे एका जाहिरातीवर बंदी आली. आधी भूक लावायची आणि मधल्या सुट्टीत गाडा उभा करायचा, असला प्रकार. तिथल्या मेंटल हेल्थ फाउंडेशननं २०१९मध्ये पाहणी केली, त्यात १८ ते २४ वयातल्या जवळजवळ दर चौघांतल्या एकानं सांगितलं होतं की रिअ‍ॅलिटी टीव्ही बघून स्वतःच्या शरीराची काळजी वाटते. मला तो आकडा पटला. माझ्या दुकानात तो रोज कात्रणांसह येतो, आता मोबाईलवर.

अमेरिकेनं 'डेटिंग नेकेड' काढला होता, २०१४मध्ये, व्हीएच वन वाहिनीवर. तिथं नको ते भाग धूसर करायचे. एका स्पर्धक बाईचा एक क्षण धूसर करायचा राहिला म्हणून तिनं एक कोटी डॉलरचा दावा लावला. धूसर पट्टीबद्दल शिवणवालीचं मत विचाराल तर ती जाळीच्या बाहीसारखी असते, नजर नेमकी तिथंच जाते. त्यापेक्षा सरळ उघडं किंवा सरळ अस्तर.

नाशकात परत आल्यावर दुकानात हे सगळं सांगितलं तर दोन दिवस काम झालं नाही. बँकेतल्या मॅडमनी कानांवर हात ठेवले आणि मग विचारलं, "पुरुषसुद्धा?" गंगापूर रोडच्या एक आजी, वय ७८, म्हणाल्या, "रामकुंडावर उन्हाळ्यात सकाळी सहाला ये, फुकट दाखवते." कॉलेजच्या मुलींना नवल नव्हतं. त्या 'लव्ह इज ब्लाइंड' बघतात, ज्यात भिंतीआडून नुसतं बोलून लग्न ठरवतात आणि मग तोंड बघतात. मला ही कल्पना फार आवडली होती. पण एक मुलगी म्हणाली, "काकू, भिंतीपलीकडचेसुद्धा सगळे बारीकच असतात ना. मग आंधळं प्रेम करायला काय जातंय?" हे मला सुचलं नव्हतं. निवड करणाऱ्यांनी आधीच चाळणी लावलेली असते, आणि चाळणीतून पडलेलं पीठ बघून आपण दळणाचं कौतुक करतो.

तर 'नेकेड अ‍ॅट्रॅक्शन'ला माझे पाचातले तीन. दोन आधी दिलेले, आणि एक त्या साठीच्या बाईसाठी, जी तिसऱ्या फेरीत बाद झाली आणि जाताना निवडणाऱ्यालाच "हरकत नाही" म्हणून खांद्यावर थोपटून गेली. क्रम उलटा केला, आधी आवाज, मग चेहरा, मग बाकीचं, तर चौथाही देईन. पण मग कार्यक्रम कोण बघणार, हेही कळतं. मुलं जागी असताना लावू नका. सासूबाईंबरोबर तर नाहीच. एकट्यानं बघायचा तर आवाज बंद करून दहा मिनिटं बघा, नुसती माणसं दिसतात. आवाज सुरू केला की बाजार.

परवा ती चाळणीवाली मुलगी बहिणीच्या हळदीचा ब्लाउज टाकायला आली. पिवळं चंदेरी, प्रिन्सेस कट, मागे दोरी. मोबाईलवर फोटो दाखवला, कुठल्याशा बेटावरच्या पोरीचा. "काकू, फिटिंग असं हवं." पडद्याआड घेतलं, कमरेभोवती टेप फिरवला. तिनं श्वास आत ओढून धरलेला. टेप २८वर. मी तशीच टेप धरून उभी राहिले. रस्त्यावरून एक सिटीलिंक बस गेली, शेजारच्या गिरणीचा पट्टा फटफटत होता. कधीतरी श्वास सोडावाच लागतो. सोडला.

"किती आलं?" तिनं विचारलं.

"लिहिलंय," म्हटलं, आणि वही मिटली. गुरुवारी ट्रायलला बोलावलंय.