शेट्टींचे मल्टिक्युझिन की इराण्याचे जुने हॉटेल? मुंबईत सगळ्या घराला घेऊन जेवायला जाताना

घरातल्या चार माणसांना चार देशांचे पदार्थ हवे आहेत, सगळ्यांनी एकाच टेबलाभोवती बसायचे आहे आणि बिल पाहून कोणाच्या कपाळाला आठी पडू नये अशीही इच्छा आहे, अशा वेळी मुंबईत माझ्या मते दोनच मार्ग उरतात. पहिला मार्ग म्हणजे जवळजवळ प्रत्येक स्टेशनाबाहेर असणारे, शेट्टी, कामत किंवा नायक मंडळींनी चालवलेले शुद्ध शाकाहारी मल्टिक्युझिन हॉटेल. दुसरा मार्ग म्हणजे दक्षिण मुंबईत अजून तग धरून असलेली मोजकी इराणी हॉटेले, म्हणजे इराणहून आलेल्या कुटुंबांनी सुरू केलेली जुनी हॉटेले. या दोन्ही ठिकाणी मी कुटुंबासह वर्षानुवर्षे जेवत आलो आहे. दोन्हींविषयी मला आपुलकी आहे, पण अलीकडे चौघांनी जायचे ठरले की माझी पावले धोबी तलावाच्या भागातल्या इराण्यांकडे वळतात. त्यामागचे कारण चवीपेक्षा वेगळे आहे आणि ते नीट सांगावे यासाठीच हे लिहीत आहे.

शेट्टी-कामतांच्या या उडपी हॉटेलांनी केलेला प्रवास खरोखर थक्क करणारा आहे. माटुंग्यात ए. रामा नायक यांनी १९४२ मध्ये उडपी श्रीकृष्ण बोर्डिंग सुरू केले तेव्हा केळीच्या पानावरचे साधे, पोटभर जेवण एवढेच त्याचे स्वरूप होते आणि तिथे आजही तसेच जेवण मिळते. पण त्याच परंपरेतून उपनगरांमध्ये जी हॉटेले उभी राहिली त्यांनी गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणायचेच नाही असे जणू ठरवून टाकले. नेल्सन वाँग या आचाऱ्याने १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात आले, लसूण आणि हिरव्या मिरचीच्या फोडणीत सोया सॉस घालून चिकन मांच्युरियन तयार केले. त्याचा फ्लॉवर घातलेला शाकाहारी अवतार पुढे उडप्यांच्या मेनूत असा मिसळून गेला, की आज इडली आणि मांच्युरियन एकाच पानावर पाहून कोणालाही आश्चर्य वाटत नाही. त्यामागोमाग शेजवान डोसा, मेक्सिकन सिझलर, व्हाइट सॉस पास्ता आणि अमेरिकन चॉप्सी आले. बटाट्याऐवजी कच्चे केळे घालून केलेली जैन पावभाजी हा तर मला आदरातिथ्याचा उत्तम नमुना वाटतो, कारण ज्याला कांदा, लसूण आणि बटाटा चालत नाही त्यालाही इतरांच्या शेजारी बसून तेच नाव असलेला पदार्थ खाता यावा एवढी काळजी त्यात आहे. एक मंचाव सूप वन बाय टू मागितले तर दोन वाट्या कुरबुरीशिवाय समोर येतात, हेही विसरून चालणार नाही.

इराणी हॉटेलांचा आंतरराष्ट्रीयपणा मात्र जुना आणि अंगी मुरलेला आहे. धोबी तलावचे कयानी १९०४ चे, तिथून जवळच असलेले ससानियन १९१३ चे, बॅलार्ड इस्टेटमधले ब्रिटानिया १९२३ चे आणि फोर्टमधले कॅफे मिलिटरी १९३३ चे. ब्रिटानियातल्या बेरी पुलावावर जी आंबट लाल फळे पसरलेली असतात ती इराणातली झरेश्क होत आणि हा पुलाव ब्रिटानियाचे दिवंगत मालक बोमन कोहिनूर यांच्या पत्नीने इराणमधल्या वास्तव्यानंतर तिथे आणला असे सांगतात. एकूण इराणी हॉटेलांचे पदार्थ पाहिले, तर डाळीत मांस शिजवून केलेले पारशी धनसाक, बटाट्याची तळलेली सळी घातलेला मटणाचा रस्सा म्हणजे सल्ली बोटी, मोगलाई वळणाचा खिमा, रशियाचे नाव मिरवणारे सॅलड आणि साहेबाच्या काळापासून चालत आलेले कॅरॅमल कस्टर्ड अशी मंडळी त्या संगमरवरी टेबलांवर भेटतात. सोबत पालनजी या जुन्या कंपनीचे रास्पबेरी नावाचे लाल सोडा पेय. काही ठिकाणी नूडल्स आणि चॉप्सीही आहेत. यादी उडप्याच्या मानाने आखूड आहे, पण कोणताही पदार्थ केवळ गिऱ्हाइकाने मागितला म्हणून घाईने घेतलेला वाटत नाही.

आता माझ्यापुरता प्रश्न कशाने सुटला ते सांगतो. आमच्या उपनगरातल्या एका मोठ्या आणि चांगला नावलौकिक असलेल्या मल्टिक्युझिन हॉटेलात आम्ही बाबांना घेऊन वरचेवर जात असू. बाबांना साधा डोसा, पत्नीला पनीर टिक्का आणि रोटी, मुलीला सिझलर आणि मला ट्रिपल शेजवान भात अशी आमची ठरलेली मागणी असे. डोसा पाचव्या मिनिटाला येई. बाबा जुन्या वळणाचे असल्यामुळे दुसऱ्या कोणाचे तरी पान वाढले जाईपर्यंत एकटे घास तोडत नसत आणि आम्ही कितीही आग्रह केला तरी हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसत. डोशाचा कुरकुरीतपणा किती क्षणांचा असतो हे खाणाऱ्याला सांगायला नको. त्याची उभी कड हळूहळू खाली बसे, चटणीला पाणी सुटे आणि सांबारावर साय धरे. मग माझा भात येई. त्यानंतर टिक्का येई, पण रोट्या आलेल्या नसत. मुलीचा सिझलर कोबीच्या पानांवर चरचरत, धुराचा लोट सोडत टेबलावर येई तेव्हा पत्नीचे जेवण आटोपत आलेले असे आणि बाबांपुढे वेटरने न विचारता फिंगर बोल आणून ठेवलेला असे. मुलगी एकटी जेवत असे आणि आम्ही तिघे तिच्याकडे पाहत बसत असू.

हे एखाद्या दिवशी घडले असते तर मी मनावर घेतले नसते, परंतु इतर उपनगरांतल्या अशाच हॉटेलांतही मला थोड्याफार फरकाने हाच अनुभव आला, आणि थोडे लक्ष देऊन पाहिल्यावर त्याचे कारणही उमगले. अशा हॉटेलात बाहेरून एक दिसणारे स्वयंपाकघर आत वेगवेगळ्या काउंटरांमध्ये वाटलेले असते. डोशाचा तवा वेगळा, चायनीजची भट्टी वेगळी, तंदूर वेगळा, पावभाजीचा तवा आणि ज्यूसचा काउंटर आणखी वेगळा. कॅप्टन आपली ऑर्डर एकदाच लिहून घेतो, पण आत तिचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा आपापल्या काउंटरच्या रांगेत जाऊन उभा राहतो. त्या रांगेत आता पार्सलच्या ऑर्डरीही असतात. तव्यावरच्या माणसाला भट्टीवर काय चालले आहे हे कळण्याचा मार्ग नसतो आणि सिझलरची लोखंडी थाळी कडकडीत तापल्याखेरीज सिझलर निघूच शकत नाही. यात कोणाचाही आळशीपणा नाही, उलट प्रत्येक जण आपले काम झपाट्याने करतो. तरीही एकाच टेबलावरचे पदार्थ एकत्र पोचवण्याची जबाबदारी त्या रचनेत कोणाचीच नसते. एका कॅप्टनने, जो अतिशय सौजन्याने वागणारा गृहस्थ होता, आमच्या विनंतीवरून सगळे एकदमच आणून दिले, पण त्यासाठी आधी तयार झालेले पदार्थ आत थांबवावे लागल्यामुळे भात कोमट आणि डोसा मऊ झालेला होता. सगळ्यांनी एकाच काउंटरचे पदार्थ मागवले तर अडचण दूर होते हे खरे, परंतु मग इतक्या देशांच्या मेनूचा उपयोग काय?

इराणी हॉटेलात ही अडचण मला फार क्वचित आली, आणि तीही कोणी नूडल्स मागवल्या असतील तेव्हाच. याचेही कारण स्वयंपाकघरातच आहे. धनसाक, खिमा, सल्ली बोटीचा रस्सा हे पदार्थ सकाळीच मोठ्या पातेल्यांत शिजवून मंद आचेवर ठेवलेले असतात आणि कस्टर्ड तर साच्यांत लागून गार झालेले असते. वेटर आत जातो, डावाने खिमा वाढून घेतो, शेजारच्या बशीत पाव ठेवतो, रश्शावर बटाट्याची सळी भुरभुरवतो आणि एकाच फेरीत सगळे टेबलावर मांडतो. अकुरी म्हणजे पारशी अंडाभुर्जी किंवा ऑम्लेट तेवढे ताजे करावे लागते, पण त्याला वेळ तो कितीसा लागणार? मुरलेल्या पदार्थांना पाच मिनिटे थांबवले तरी त्यांचे काही बिघडत नाही, हा आणखी एक फायदा. आम्ही बाबांना पहिल्यांदा तिथे नेले तेव्हा चौघांनी एकाच वेळी जेवायला सुरुवात केली. बाबांनी शाकाहारी धनसाक भातावर कालवून घेतले, मुलीने आपल्या खिम्यातला मटार वेचून आईच्या बशीत टाकला, आणि कितीतरी दिवसांनी जेवणाबरोबर आमच्या गप्पाही रंगल्या.

अर्थात इराण्याच्या मर्यादा लहान नाहीत आणि त्या लपवणे योग्य होणार नाही. पक्क्या शाकाहारी माणसाला तिथे निवड थोडी आहे. धनसाक, पुलाव आणि कटलेट यांचे शाकाहारी प्रकार काही ठिकाणी मिळतात, पण ज्याला स्वतंत्र शाकाहारी स्वयंपाकघरच हवे असेल त्याला तिथे नेऊ नये. जैन पाहुणे सोबत असतील तर हा प्रश्न उडप्याच्या बाजूने निकालात निघाला असे समजावे. वेळेची अडचण तर आणखी मोठी आहे. ब्रिटानियासारखे हॉटेल मुख्यतः दुपारच्या जेवणासाठी उघडे असते आणि इतर काही ठिकाणीही रात्री उशिरा गेल्यास निराशा पदरी पडते, तर शेट्टींच्या हॉटेलात दहानंतरही हसतमुखाने पाणी पुढे येते. ब्रिटानियात बिलही इतर इराण्यांपेक्षा जास्त होते, म्हणून खिशाचा विचार करणाऱ्याने तो बेत खास प्रसंगासाठी राखून एरवी कयानीसारख्या ठिकाणी जावे हे बरे. जुन्या पंख्यांखाली मे महिन्यात घाम येतो. शिवाय बोरिवली किंवा डोंबिवलीहून निघणाऱ्याला प्रवासाचा वेळ आणि खर्च धरावाच लागेल.

चवीविषयी मी जपूनच बोलेन, कारण ती ज्याची त्याची असते. एवढेच नोंदवतो की मल्टिक्युझिन हॉटेलातला डोसा उत्कृष्ट असतो, पण तिथला मेक्सिकन पदार्थ आणि तिथला चायनीज पदार्थ यांच्यात मला सॉसखेरीज फारसा फरक जाणवत नाही. गंमत अशी की ज्या सिझलरची आम्ही तिथे इतकी वाट पाहिली, तो प्रकारही मुंबईत १९६० च्या दशकात फिरोज इराणी यांनी रुजवला असे मानले जाते.

तेव्हा मुले लहान असतील, मंडळी आठ-दहा असतील, कोणी व्रताचे किंवा जैन असेल, किंवा जेवण रात्रीचे असेल, तर उडप्याकडे निःशंक जावे, फक्त सिझलरची ऑर्डर सर्वांत आधी द्यावी आणि डोसा अर्ध्या तासाने सांगावा. पण चौघेच असाल, दुपार मोकळी असेल आणि एकत्र बसून एकत्र जेवणे तुम्हाला मेनूच्या लांबीपेक्षा महत्त्वाचे वाटत असेल, तर माझ्या अल्प अनुभवावर विश्वास ठेवून इराण्याकडे जाऊन पाहावे, असे मी सुचवेन. साडेबाराच्या आत पोचलात तर टेबल सहज मिळते. धनसाक सगळीकडे रोज नसते, म्हणून बसल्याबरोबर विचारून घ्यावे, आणि कस्टर्ड दुपारी लवकर संपते, तेव्हा तेही जेवणाच्या ऑर्डरीबरोबरच सांगून ठेवावे.