डीसीआयएस: थेट ऑपरेशन, की आधी सहा महिने गोळ्या?

बायोप्सीच्या रिपोर्टवर 'डीसीआयएस' (स्तनाच्या कॅन्सरची अगदी सुरुवातीची अवस्था) आणि 'ईआर पॉझिटिव्ह' (म्हणजे इस्ट्रोजेन या हार्मोनवर पोसणाऱ्या पेशी) असं आलं की घरात कुणीतरी विचारतंच, गोळ्यांनी आधी गाठ लहान करून मग ऑपरेशन केलं तर?

डीसीआयएसमध्ये कॅन्सरच्या पेशी स्तनातल्या दुधाच्या नळीतच असतात, भिंत फोडून बाहेर आलेल्या नसतात. त्यामुळे याच आठवड्यात टेबलावर जायची घाई नसते आणि किमोही लागत नाही. गोळ्या म्हणजे इस्ट्रोजेन रोखणाऱ्या, त्यामुळे ईआर निगेटिव्ह असेल तर हा प्रश्नच मिटतो.

अमेरिकेतल्या सीएएलजीबी ४०९०३ या अभ्यासात पाळी गेलेल्या बायकांना सहा महिने लेट्रोझोल ही इस्ट्रोजेन कमी करणारी गोळी दिली. एमआरआयवर आकार जवळपास ७२ टक्क्यांनी घटला. ऐकायला झकास! पण ठरल्याप्रमाणे ऑपरेशन झालेल्या ५९ जणींपैकी फक्त ९ जणींत डीसीआयएस उरलं नव्हतं, आणि ६ जणींत नळीबाहेर पडलेला कॅन्सर निघाला. बायोप्सीची सुई थोडेच तुकडे काढते; आत आणखी काय दडलंय ते पूर्ण भाग काढल्यावरच कळतं. माझ्या मते थेट ऑपरेशनचं पारडं इथेच जड होतं.

दुसरी अडचण चुन्याच्या (कॅल्शियमच्या) कणांची. मॅमोग्राफीवर दिसलेले हे कण गोळ्यांनी सहसा जात नाहीत, आणि सर्जनला बहुतेकदा तेच काढायचे असतात. ऑपरेशनआधी तिथे बारीक तार टाकतात आणि काढलेल्या तुकड्याचा लगेच एक्स-रे घेऊन कण आले का ते बघतात. म्हणजे एमआरआयवर गाठ आक्रसली तरी कापायचा भाग तेवढाच राहू शकतो.

मग गोळ्या आधी कधी? ऑपरेशन लांबवणं भागच असेल तेव्हा: हृदयाचा त्रास आधी आटोक्यात आणायचा असेल, किंवा २०२० च्या कोविडमध्ये थिएटरं बंद होती तसं काही. एरवी नेहमीच्या उपचारात हे बसत नाही, अभ्यासात सहभागी होत असाल तर गोष्ट वेगळी. ऑपरेशननंतर गोळ्या घेणं मात्र नेहमीचंच.

आधी घ्यायच्या ठरल्याच, तर पाळी चालू असताना नुसतं लेट्रोझोल चालत नाही. तिथे टॅमॉक्सिफेन या इस्ट्रोजेन रोखणाऱ्या दुसऱ्या गोळीचा विचार होतो, पण पायात रक्ताची गुठळी होऊन गेली असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. लेट्रोझोलने सांधे धरतात, हाडं विरळ होतात, म्हणून सुरू करण्याआधी डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारी तपासणी) करून घ्या. आणि तीन महिन्यांनी पुन्हा एमआरआय कधी, गाठ वाढलेली दिसली तर ऑपरेशन किती दिवसांत, हे पहिल्याच भेटीत विचारून फाइलवर लिहून घ्या.