प्रोफाइल फोटो: गल्लीतला स्टुडिओ, हातातला मोबाइल की एआय?

कॅम्पस मुलाखतींचा हंगाम आला की नोकरीधंद्याच्या लिंक्डइन साइटवर बेळगावच्या पोरापोरींचे फोटो एकाएकी बदलतात. कालपर्यंत आंबोलीच्या धबधब्यापुढे ओल्या टी-शर्टात उभा असलेला मुलगा आज निळ्या कोटात, मागे काचेची उंच इमारत, चेहऱ्यावर औषधालासुद्धा मुरुम नाही. असली इमारत आपल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कुठं आहे, हे मात्र विचारायचं नाही.

असा फोटो करून घ्यावा का, हा प्रश्न आता फक्त विद्यार्थ्यांपुरता राहिलेला नाही. नवी सनद घेतलेले वकील, दवाखाना टाकणारे डॉक्टर, गुगलवर दुकान चढवणारे व्यापारी, सगळेच विचारतात. माझी कसोटी एकच आहे. फोटो बघून जो माणूस पुढे तुम्हाला भेटणार आहे, त्याने दारातच तुम्हाला ओळखलं पाहिजे. आपल्याकडे ही भेट फार लांब नसते. बेंगळुरूची कंपनी आधी व्हिडिओवर बघते, मग पहाटेची वंदे भारत पकडून तुम्ही समोर हजर होता. खानापूरचा मुलगा गोव्यात कामाला लागतो, निपाणीचा कोल्हापुरात. अशील आणि पेशंट तर गावातलेच.

आधी एक गोंधळ दूर करू. ‘एआय फोटो’ या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली म्हणजे तुमच्याच फोटोची मागची भिंत बदलणं, उजेड सुधारणं. दुसरी, गुगलचं जेमिनाय किंवा चॅटजीपीटी या गप्पा मारणाऱ्या एआय साधनांना एक फोटो देऊन ‘याला ऑफिसवाला कर’ म्हणणं. २०२५ मध्ये या दोन्हींची चित्रं बनवण्याची ताकद एकदम वाढली आणि ही पद्धत घरोघरी गेली. तिसरी, खास हेडशॉट, म्हणजे खांद्यापर्यंतचे कामकाजी फोटो, पैसे घेऊन बनवणाऱ्या सेवा. त्या तुमचे दहा-पंधरा फोटो मागतात, त्यांवरून एआयचा प्रोग्रॅम तुमचा चेहरा शिकतो आणि मग डझनावारी फोटो हातात पडतात. गुगलच्या संशोधकांनी २०२२ मध्ये ड्रीमबूथ नावाची पद्धत मांडली, तिथून या धंद्याला वाट मिळाली.

यातली पहिली गोष्ट बिनधास्त करा. खरी तुलना दुसरी-तिसरी एका बाजूला आणि स्टुडिओ व मोबाइल दुसऱ्या बाजूला, अशी आहे.

एआय नेमकं कुठं चुकतं, ते जवळून बघितलेलं एक उदाहरण सांगतो. ओळखीतल्या एका वकील बाईंनी घरी काढलेला साडीतला फोटो एका साधनाला दिला आणि ‘वकिलासारखा प्रोफेशनल फोटो’ मागितला. आलेल्या फोटोत काळा कोट होता, पण गळ्यात पांढऱ्या बँडऐवजी परदेशी पद्धतीची कॉलर. मंगळसूत्राच्या दोन वाट्यांचं एक पेंडंट झालेलं, आणि काळे मणी डाव्या खांद्याजवळ पोचेपर्यंत सोन्याची साखळी बनलेले. साडीचा काठ कोटाच्या आत शिरला तो बाहेर आलाच नाही. टिकली भुवयांच्या मधून सरकून कपाळाच्या मध्यावर गेली. हनुवटीवरचा तीळ गायब, आणि रंग चांगला दोन छटा उजळ. त्यांच्याकडच्या कारकुनाने फोटो बघून म्हटलं, “फोटो झकास हाय की बाई, पण ह्यात तुम्ही कुठं हाय?”

हे असं का होतं? यंत्राकडे तुमचा चेहरा एका कोनातून असतो. बाकीचं ते आधी पाहिलेल्या असंख्य चेहऱ्यांवरून अंदाजाने भरतं. त्या चेहऱ्यांत कोट-टाय भरपूर आणि आपल्या दोन वाट्या, नथ, चंद्रकोर कमी, म्हणून अंदाज तिकडेच झुकतो. २०२३ मध्ये अमेरिकेत एमआयटीत शिकलेल्या आशियाई वंशाच्या एका तरुणीने असाच ‘प्रोफेशनल’ फोटो मागितला, तर साधनाने तिला गोरी आणि निळ्या डोळ्यांची करून टाकलं. साधनं तेव्हापेक्षा बरीच सुधारलीत, तरी रंग उजळवायची खोड अजून डोकावते. दहा-पंधरा फोटो घेणाऱ्या सेवांत चेहरा जास्त जुळतो खरा, पण बरेचदा तो तुमच्या सख्ख्या भावाचा वाटावा इतपतच.

आता स्टुडिओ. गणपत गल्ली, खडेबाजार, टिळकवाडी, कुठंही जा, पाच मिनिटांत काम होतं असं लोक धरून चालतात, कारण त्यांना पासपोर्ट साइजचीच सवय असते. प्रोफाइलसाठी फोटो हवा असेल तर तसं आधी सांगा आणि गर्दी नसताना जा. फोटोग्राफर अंतरावर उभा राहून लांब लेन्सने टिपतो, त्यामुळे नाक नाकाएवढंच राहतं. फ्लॅशच्या छत्रीतून येणारा मऊ उजेड, “मान थोडी खाली, खांदा इकडं” असं सांगणारा माणूस, हे कुठलंही ॲप देत नाही. दोष मात्र इथेही आहे. एआय येण्याच्या कितीतरी आधीपासून आपले स्टुडिओ कॉम्प्युटरवर कोट-टाय चिकटवत आलेत, आणि गाल घासून गुळगुळीत करणं तर फुकटात. तेव्हा बसायच्या आधीच सांगून टाका, “रंग उजळवू नका, चेहरा घासू नका.” सॉफ्ट कॉपी व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून घेऊ नका, त्याची प्रत कमी होते. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

मोबाइलला लोक उगाच कमी लेखतात. सेल्फीत चेहरा विचित्र दिसतो तो कॅमेरा वाईट म्हणून नव्हे, हातभर अंतरावरून काढल्यामुळे. जवळून नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. दुसऱ्या कुणाला तरी पाच-सहा फूट लांब उभं करा, मागचा कॅमेरा वापरा आणि दुप्पट झूम करा. तुम्ही खिडकीकडे तोंड करून, मागे साधी भिंत, कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत. आणि बेळगावचा पावसाळा यासाठी फुकटची देणगी आहे. जून ते सप्टेंबर आभाळ दाटलेलं असतं, उजेड सगळीकडून सारखा येतो, डोळ्यांखाली काळी सावली पडत नाही. त्या दिवसांत व्हरांड्यात काढलेला फोटो स्टुडिओच्या तोडीला येतो.

पैशांचं म्हणाल तर मोबाइल फुकट, स्टुडिओ स्वस्त. खास एआय सेवा बहुतेक डॉलरमध्ये बिल करतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे २०२० पासून नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात, ते बँकेच्या ॲपमधून चालू करावे लागतात आणि काम झाल्यावर आठवणीने बंदही करावे लागतात. ‘पहिला आठवडा मोफत’ असेल तर वर्गणी आपोआप कापली जाणार का, ते आधी वाचा. चॅटवाली साधनं फुकटात काही फोटो करून देतात, एवढ्यावर बहुतेकांचं भागतं.

आपला चेहरा कुणाच्या हाती देतोय, याचाही विचार करा. काम झाल्यावर फोटो पुसायची सोय नसलेली सेवा माझ्या मते बाद. देशात डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण बाहेरच्या देशातल्या एखाद्या किरकोळ ॲपमागे तुम्ही तो कायदा घेऊन धावणार आहात का? गळ्यातल्या आयडी कार्डासकट फोटो चढवू नका, आणि लग्नातल्या ग्रुप फोटोतले दुसऱ्यांचे चेहरे तर अजिबात नको.

“कुणाला कळणार आहे?” असंही लोक म्हणतात. कळतं. जेमिनाय आपल्या चित्रांत सिंथआयडी नावाची डोळ्यांना न दिसणारी, पण यंत्राला ओळखता येणारी खूण घालतं, आणि चॅटजीपीटीच्या फाइलीत चित्र कसं बनलं याची नोंद जाते. खुद्द लिंक्डइनला एआय चालतं, अट एवढीच की फोटो तुमच्यासारखाच दिसला पाहिजे. शिवाय तिथे फोटो दिसतो छोट्या गोलात. मागची काचेची इमारत त्यात कुणालाच दिसत नाही, दिसतो फक्त चेहरा. ४०० बाय ४०० पिक्सेलच्या वरची फाइल पुरते.

काही ठिकाणी तर एआय दाराबाहेरच ठेवायचं. आधार आणि पासपोर्टच्या केंद्रात फोटो तिथेच काढतात. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या अर्जात २०२४ पासून कॅमेऱ्यासमोर बसूनच फोटो द्यावा लागतो. आणि स्थळाच्या बायोडेटाला एआय फोटो लावू नका. फोटोत एक आणि पाहायला गेल्यावर एक, असं झालं की पोह्यांच्या ताटलीआधीच बोलणी फिसकटतात. आपल्याकडे बेळगाव ते चंदगड सगळी सोयरीक एकमेकांना ओळखून असते, ही गोष्ट फिरायला वेळ लागत नाही.

मग घ्यायचं काय? विद्यार्थी असाल तर मोबाइलवर काढा आणि मागची भिंत तेवढी एआयकडून करडी करून घ्या. वकील, डॉक्टर, सीए यांनी स्टुडिओतच जावं, दोन-तीन वर्षांतून एकदा जमतं. उद्यमबागेत वर्कशॉप चालवणाऱ्याला तर मी कोट घालायलाच सांगणार नाही. आपल्या लेथजवळ, धुतलेल्या शर्टात काढलेला फोटो गिऱ्हाइकाला जास्त सांगतो. दहा-बारा जणांच्या ऑफिसला सगळ्यांचे फोटो एकसारखे हवे असतील, तिथे मात्र एआय खरंच कामाचं: प्रत्येकाचा खरा फोटो घ्या आणि पार्श्वभूमी सगळ्यांना एकच द्या. घरी बसून परदेशातल्या लोकांचं काम करणाऱ्याला, ज्याची कुणाशी भेट होणारच नाही, त्याला पूर्ण एआय फोटोही चालून जाईल.

एआयला काम सांगताना मोघम बोलू नका. मराठीत लिहिलं तरी त्याला कळतं: ‘चेहरा, रंग, तीळ, टिकली, दागिने, केसांचा भांग यांना हात लावू नको. फक्त मागची भिंत साधी करडी कर.’ मग मूळ फोटो शेजारी ठेवून मोठा करून बघा. भांग उलट्या बाजूला गेलाय का, दोन्ही कानांत कुडी सारखी आहे का, चष्म्याची काडी कानापर्यंत पोचते का, शर्टाची बटणं बरोबर बाजूला आहेत का. शेवटी दोघांना दाखवा: रोज बघणाऱ्या एकाला, आणि तुम्हाला एकदाच भेटलेल्या एकाला. दुसऱ्याने “हे कोण?” असं विचारलं, तर मूळ फोटोच लावा.